गिट्टीचा नव्वद दिवसांचा कोर्स

२ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी साडेसात.

शाळेत पालकसभा. पहिलीचा वर्ग. खुर्च्या पोरांच्या मापाच्या, गुडघे पार हनुवटीला टेकले. शेजारी साडू. त्याचा टिल्लू आमच्या गिट्टीच्याच वर्गात आहे. साडू त्या खुर्चीत व्यवस्थित मावला. मुळात किरकोळ माणूस.

बाई म्हणाल्या, आम्ही घाई करत नाही. आधी आवाज, मग अक्षर, मग शब्द. मुलं वाळूत बोट फिरवतात, टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे करतात. तुम्ही घरी शिकवायला जाऊ नका. रोज दहा मिनिटं जवळ घेऊन वाचून दाखवा, बास. मी हात वर केला आणि विचारलं, मग मुलं स्वतः वाचणार कधी. म्हणाल्या, ज्याची त्याची वेळ असते.

मी एकोणीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतोय. ज्याची त्याची वेळ असते म्हणत बसलो असतो तर माझे विद्यार्थी अजून न्यूट्रलमध्येच असते.

बाहेर पडताना साडूने सांगितलं की टिल्लू दुकानांवरच्या पाट्या वाचायला लागलाय. सहज आठवलं म्हणून सांगतोय अशा थाटात. टिल्लू गिट्टीपेक्षा तीन महिन्यांनी लहान आहे.

३० नोव्हेंबरला शाळेत वाचन-दिवस. प्रत्येक मूल आईबाबांसमोर एक पान वाचणार. आजपासून मोजून नव्वद दिवस. साडूला तिथल्या तिथे सांगून टाकलं, आमची गिट्टी पान नाही, अख्खं पुस्तक वाचेल. साडू म्हणाला, बघू. त्या 'बघू'चा अर्थ मला चांगला कळतो.

निश्चय: गिट्टीचा कोर्स मी स्वतः घेणार. रोज संध्याकाळी सात वाजता. प्रत्येक विद्यार्थ्याची ठेवतो तशी नोंद इथे ठेवायची. वही माझ्या एकट्याची, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

३ सप्टेंबर, मंगळवार.

धडा पहिला. घरातल्या वस्तूंवर पाट्या चिकटवल्या. दार, खिडकी, फ्रिज, आरसा, कपाट, नळ. जाड मार्कर, टपोरं अक्षर. मग गिट्टीला घरभर फिरवलं. दारावरच्या पाटीवर बोट ठेवलं, म्हणाली दार. फ्रिज बरोबर. आरसा बरोबर. सहापैकी सहा. पहिल्याच दिवशी.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरला असते. घरी आली, पाट्या बघितल्या आणि स्वयंपाकाला लागली. जळफळाट.

४ सप्टेंबर, बुधवार.

सकाळी उठून बघतो तर फ्रिजवर 'खिडकी' आणि नळावर 'कपाट'. हिने पाट्यांची अदलाबदल केलेली. गिट्टीने 'कपाट'वर बोट ठेवलं आणि म्हणाली नळ. 'खिडकी'वर ठेवलं, म्हणाली फ्रिज. ही म्हणाली, नळाला नळ म्हणतात एवढं तिला दीड वर्षाची असल्यापासून येतंय, तुम्ही काय शिकवलंत.

शिकाऊ माणसाच्या पायाखालचे क्लच-ब्रेक कोणी रातोरात बदलून ठेवतं का? बाहेरच्या माणसाचं एक वेळ समजू शकतो. पण हा घरभेदीपणा झाला. पाट्या काढल्या. आरशावरचा डिंक निघत नाहीये.

७ सप्टेंबर, शनिवार.

अक्षरांची कार्डं केली. सलग पंचेचाळीस मिनिटं घेतली. गिट्टीला अकरा अक्षरं येतात, शाळेतली. उरलेली माझ्याकडून. एकोणिसाव्या कार्डाला ती रडायला लागली. तिचा पुढचा दात हलतोय, त्यामुळे असेल.

९ सप्टेंबर, सोमवार.

सकाळी सातच्या बॅचला नवीन शिकाऊ. बघतो तर गिट्टीच्या बाई. शाळा दूर पडते, गाडी शिकायची आहे. मालकांनी त्यांना माझ्या पांढऱ्या गाडीवर दिलं. अनुभवी माणूस म्हणून.

देव देतो तर असा. पालकसभेत मला ज्याची त्याची वेळ सांगणाऱ्या बाई माझ्या शेजारच्या सीटवर, गाडी तीनदा बंद पडली. मी शांत. आमच्या गाडीत क्लच-ब्रेकचा दुसरा जोड माझ्या पायाशी असतो. बाई घाबरल्या की मी हळूच दाबतो. शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपणच चालवतोय, आणि तिथेच आत्मविश्वास येतो. हे माझं तंत्र. एकोणीस वर्षांत पांढऱ्या गाडीला एक ओरखडा नाही.

माझे बरेच विद्यार्थी पहिल्या टेस्टला नापास होतात हे खरं आहे. कारण टेस्टच्या वेळी इन्स्पेक्टर मला खाली उतरवतो आणि स्वतः बसतो. त्याच्या नुसत्या चेहऱ्याने लोकांचे पाय लटपटतात.

उतरताना बाई म्हणाल्या, सर, चौकात गाडी थांबवली ती मी की तुम्ही? मी म्हटलं, तुम्हीच.

१२ सप्टेंबर, गुरुवार.

रात्रभर नव्हे, पण बराच विचार केला. कार्डं बंद. गिट्टीला थेट गाडीवर बसवायचं, म्हणजे पुस्तकावर. पुस्तक आणलं: 'उंटाचा स्वेटर'. बारा पानं, पानाला दोन ओळी. उंटाला थंडी वाजते, तो सगळ्या जनावरांकडे लोकर मागत फिरतो.

पद्धत तीच, दुसऱ्या ब्रेकची. गिट्टी माझ्या मांडीवर. तिचं बोट ओळीवर. शब्दाची सुरुवात मी हळूच करायची, शेवट तिने करायचा. मी उं म्हणायचं, तिने ट म्हणायचं. तिला वाटलं पाहिजे ती वाचतेय.

बाई म्हणाल्या होत्या वाचून दाखवा. वाचून दाखवायला काय, रेडिओही दाखवतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार.

झपाट्याने प्रगती. पान एक ते चार. मी आता फक्त ओठ हलवतो. गिट्टी माझ्या तोंडाकडे बघते आणि वाचते. पुस्तकाकडे कमी बघते हे लक्षात आलं, पण रस्त्याकडे कमी बघणारे शिकाऊही मी सरळ केलेत.

शाळा सुटल्यावर ती हिच्याबरोबर दुकानात असते, चार वाजेपर्यंत. काउंटरमागे स्टुलावर. तिथे काय करतेस विचारलं तर म्हणाली, आईला ड्रॉवर शोधून देते. म्हणजे ताप, खोकला, मलम, पट्ट्या असे ड्रॉवर आहेत, वर हिच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. गिऱ्हाईकाने कापूस मागितला की गिट्टी कापसाच्या ड्रॉवरवर बोट ठेवते. तीन तास असे फुकट जातात. तेवढ्या वेळात मी तिला रिव्हर्ससुद्धा शिकवला असता.

१ ऑक्टोबर, मंगळवार.

बाईंची गाडी अजून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. आज म्हणाल्या, सर, तुमचा पाय जरा वर घ्याल का? मी म्हटलं, पाय सवयीने असतो तिथे, तुम्ही लक्ष देऊ नका. म्हणाल्या, मी वर्गात मूल वाचायला लागलं की स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसते. नाहीतर माझं बोट आपोआप पुढे जातं आणि ते मूल थांबतं, मी सांगायची वाट बघत.

हात मांडीखाली. पगार घेऊन. शाळेचा नंबर घसरतो तो असा.

१४ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी आठ.

आजची तारीख लाल पेनाने लिहायला हवी होती, पेन मिळालं नाही. गिट्टीने 'उंटाचा स्वेटर' पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. मी ओठसुद्धा हलवले नाहीत. 'मेंढीने दिली लोकर, उंट झाला खूश' हे तिने ज्या ठसक्यात म्हटलं तसं मलाही जमत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इथे लिहायला हरकत नाही.

व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, बेचाळीस दिवस, एक शिक्षक. मेहुणीने फुलं पाठवली. साडूने फक्त अंगठा. त्या अंगठ्यातून धूर निघत होता.

ही व्हिडिओ बघून म्हणाली, छान म्हणते. म्हणते नाही, वाचते, मी सुधारलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार.

सात वाजता गिट्टी मांडीवर, पान आठ, आणि लाइट गेली. मिट्ट काळोख. गिट्टी थांबली नाही. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, सगळी पानं वाचून काढली. उलटलीसुद्धा.

एवढी तयारी झालीय की उजेडाचीही गरज उरली नाही.

यावर थोडा वेळ विचार करत बसलो. मग लाइट आली आणि विचार राहून गेला.

२६ ऑक्टोबर, शनिवार.

बाईंची टेस्ट. नापास. चढावर गाडी मागे आली. माझ्याबरोबर त्यांनी तोच चढ वीस वेळा काढलाय, एकदाही गाडी मागे आली नाही. इन्स्पेक्टरचं आणि माझं जुनं आहे, त्याचा सूड बिचाऱ्या बाईंवर.

परतताना बाईंना मी धीर दिला. म्हटलं, पुढच्या वेळी मी त्याला सांगून बघतो, मला मागच्या सीटवर तरी बसू दे. बाई म्हणाल्या, सर, वीसही वेळा तो चढ तुम्हीच काढलात. माणूस नापास झाला की कोणावर तरी राग काढतो. मी मनावर घेतलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार.

सातला गाडी पुसून तयार. बाई आल्या, मला नमस्कार केला आणि लाल गाडीत जाऊन बसल्या. लाल गाडीवाला म्हणजे कालचं पोर, सहा महिने झाले त्याला. मालकांना विचारलं तर म्हणाले, त्यांनीच बदलून मागितलं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. दोन महिने त्यांच्या प्रत्येक चुकीवर मी पाय ठेवला. पाय अक्षरशः भरून यायचा. लाल गाडी गेटबाहेर पडताना धाडकन बंद पडली. लाल गाडीवाला दोन्ही हात डोक्यामागे घेऊन बसला होता. मदत नाही, काही नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार.

बाई पास.

आठ दिवसांत. दोन महिन्यांचा पाया माझा, आठ दिवसांचं श्रेय त्याचं. ऑफिसमधल्या ताईंनी पेढे नव्हे, बिस्किटं वाटली. मी दोन घेतली. चहात पडलं एक.

१८ नोव्हेंबर, सोमवार.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. शाळेतून चिठ्ठी आली. वाचन-दिवशी पुस्तक घरून आणायचं नाही. वर्गात एक टोपली असेल, तीत वेगवेगळी पानं. मुलाने हात घालायचा, येईल ते पान वाचायचं. नवीन पान. कोणी आधी पाहिलेलं नसेल असं.

हे माझ्यासाठी आहे. लाल गाडीत बसून त्यांनी हे ठरवलं. उंट दोन महिने राबला, सत्त्याहत्तर दिवसांचा कोर्स उभा केला, आणि आता टोपली. शाळेत जाऊन बाईंना भेटलो. पानं आधी बघायला मिळतील का विचारलं. नाही म्हणाल्या. लायसन्स आल्याबद्दल मी त्यांचं अभिनंदन केलं नाही.

हिला म्हटलं, तू जाऊन बोल. ही म्हणाली, गरज नाही, वाचेल ती. हिला काळजीच नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.

नवीन पुस्तक, बेडकाचं. सात वाजता बसलो. गिट्टीने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि गप्प. मी दोन सेकंद थांबलो, सांगितला. दुसऱ्यावर बोट, गप्प. सांगितला. अशी आठ पानं. एकही शब्द तिने स्वतः वाचला नाही. शेवटी म्हणाली, बाबा, तू थांबतच नाहीस.

म्हटलं, थांबलो तर गाडी धडकेल. तिला विनोद कळला नाही. म्हणाली, आपण उंटाचंच वाचू या ना. उंटाचं वाचलं. खणखणीत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार.

एक बरी बातमी. मालकांनी माझ्या गेल्या तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांची यादी मागून घेतली, किती शिकले, किती पास, कितव्या टेस्टला. ऑफिसमधल्या ताई यादी करताना माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. सीनियर इन्स्ट्रक्टरची जागा बरेच दिवस रिकामी आहे. एकोणीस वर्षांची दखल कोणालातरी घ्यावीच लागते. हिला अजून सांगितलं नाही, एकदम सांगेन.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार.

उद्या. साडूचा मेसेज आला: मग, अख्खं पुस्तक ना? खाली हसरा चेहरा.

उपाय सापडला. पहिल्या रांगेत बसायचं, गिट्टीच्या अगदी समोर. टोपलीतून काही का निघेना, अक्षरं मोठी असणार. मला पान दिसलं की मी ओठ हलवीन. बाकी ती बघून घेते. दुसरा ब्रेक शाळेत न्यायला मनाई आहे असं चिठ्ठीत कुठे लिहिलेलं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार. दुपारी चार.

सविस्तर लिहितो.

पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली. शेजारी ही, तिच्या शेजारी मेहुणी आणि साडू. टिल्लूच्या हाताला पतंगाचं पान आलं. चार ठिकाणी अडखळला. मी टाळ्या वाजवल्या, भरपूर.

मग गिट्टी. टोपलीत हात घातला, पान काढलं, आणि पान स्वतःच्या तोंडासमोर धरलं. माझ्याकडे कोरी बाजू. एक अक्षर दिसेना. मी खुणेने सांगितलं, पान खाली घे. तिने खाली घेतलं, माझ्याकडे बघितलं, आणि थांबली. मी वाकून वाचायला लागलो तर खुर्ची कलंडली. माझा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता, हे हिने नंतर सांगितलं.

वर्ग शांत. गिट्टी माझ्या तोंडाकडे बघत उभी. मला पानावरचं दिसेना. ती वाचेना. अशी शांतता मी फक्त चढावर ऐकलीय.

तेव्हा बाई आल्या, माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, गिट्टीचे बाबा, पाच मिनिटं बाहेर थांबाल का? सगळ्यांदेखत. चाळीस पालकांमधून मला एकट्याला उठवलं. ते इन्स्पेक्टरकडूनच शिकल्या असणार.

व्हरांड्यात पाण्याच्या नळापाशी उभा राहिलो. दार लोटलेलं. आधी काहीच नाही. मग गिट्टीचा आवाज आला. आमचा उंटाचा ठसक्यातला आवाज नाही. बारीक, सावकाश. एक शब्द, मग थांबली, मग तोच शब्द पुन्हा, मग पुढचा. एका म्हातारीचं घड्याळ हरवलं होतं. एका शब्दाशी एवढी थांबली की माझ्या तोंडात तीन शब्द येऊन गेले. तिने चौथाच वाचला आणि तो बरोबर होता. घड्याळ सापडलं. टाळ्या.

मी आत गेलो तोवर दुसरं मूल उभं होतं.

तर निकाल: नव्वद दिवसांत गिट्टी वाचायला लागली. कोर्स यशस्वी. साडूचा चेहरा बघण्यासारखा असेल, पण मी बाहेर असताना तो बघायचा राहिला.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

यशस्वी वगैरे खोडायला हवं.

निघताना साडूला म्हटलं, बघितलंस ना, नव्वद दिवस. साडू काही बोलणार तेवढ्यात मेहुणी म्हणाली, अहो, दुकानात तर ती महिन्याभरापासून घडाघडा वाचते, मी औषधं घ्यायला गेले तर गिऱ्हाइकांना ड्रॉवर वाचून दाखवत होती, सगळ्यांना कौतुक. साडूने मेहुणीला कोपर मारलं. म्हणजे साडूलाही माहीत होतं.

हिला विचारलं. म्हणाली, हो. पट्ट्या, कापूस, मलम करत करत लागली. मी काही शिकवलं नाही, चिठ्ठ्या लावल्या आणि गिऱ्हाईक थांबवून ठेवलं तिला सापडेपर्यंत. मला का सांगितलं नाही? म्हणाली, व्हिडिओ टाकून बसला होतात. कसं सांगू?

बायको, मेहुणी, साडू, बाई, आणि दुकानात खोकल्याचं औषध घेणारा हरएक माणूस. सगळ्यांना ठाऊक. माझ्याच घरात मीच परका.

शेवटी गिट्टीला विचारलं, तुला वाचता येत होतं तर माझ्यापाशी का नाही वाचलंस? ती चप्पल काढत होती. म्हणाली, तुझ्याबरोबर तो उंटाचा खेळ असतो ना. आणि तू शब्द आधीच सांगतोस, मग मी कशाला?

ती सहा वर्षांची आहे. तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

३ डिसेंबर, मंगळवार.

मी बोलणं कमी केलं आहे. तीन दिवसांत कोणाच्या लक्षात आलं नाही.

सात वाजता मी मुद्दाम पेपर घेऊन बसलो. येऊन मनधरणी करू दे म्हटलं. गिट्टी आली, बेडकाचं पुस्तक घेऊन खिडकीत बसली. मांडीवर नाही. बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं चित्रं बघतेय. म्हटलं, मोठ्याने वाच, मी ऐकतो. म्हणाली, मनात वाचतेय. म्हटलं, बेडकाचं काय झालं? बोट वर केलं, थांब म्हणून.

पेपर उलटा नव्हता, पण मी काय वाचत होतो ते सांगता येणार नाही. मांडी मोकळी असली की हातांचं काय करायचं कळत नाही. ही आतून बघत होती. चहा न मागता ठेवून गेली.

५ डिसेंबर, गुरुवार.

चुकलं असेल थोडं. थोडंच. आतापर्यंतच्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि असं दिसलं की पद्धत बरोबर होती, फक्त पाय लवकर उचलायला हवा होता.

नवा निश्चय: शनिवारी गिट्टीला आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये न्यायचं. तिथे भिंतभर फलक आहेत, वाहतुकीच्या खुणा, नियम, सूचना. ती वाचेल, मी ऐकेन. एक शब्द सांगायचा नाही. कितीही अडली तरी. हात मांडीखाली, म्हणजे उभं राहायचं असल्याने खिशात. एकदा तरी तिने माझ्यासाठी वाचावं, खेळ म्हणून नाही. त्याशिवाय हा कोर्स संपला असं मी मानणार नाही. लाल गाडीवाल्यालाही कळू दे कोणाची पोर आहे. सीनियरचं पत्रही एव्हाना तयार झालं असेल.

गिट्टीला विचारलं. लगेच हो म्हणाली. उड्या मारल्या.

७ डिसेंबर, शनिवार. दुपारी.

दहाला गेलो. ऑफिसमध्ये ताई, लाल गाडीवाला आणि दोन-तीन नवीन शिकाऊ. मालक नव्हते. मी गिट्टीची ओळख करून दिली, म्हटलं, ही आता काहीही वाचते. ताईंनी एकदम रजिस्टर उघडलं. लाल गाडीवाला बुटाची नाडी बांधायला लागला, बांधलेलीच होती. मला वाटलं, भारावले.

मी हात खिशात घातले. गिट्टीने दारापासून सुरुवात केली. 'वेग कमी ठेवा.' वाचलं. 'सीटबेल्ट लावा.' सीटपाशी थोडी थांबली, मी ओठ आवळून धरले, वाचलं. 'हॉर्न वाजवू नका.' माझ्याकडे बघून हसली. मी पण. कोर्स सुरू झाल्यापासून पहिल्यांदा ती वाचत होती आणि मी नुसता ऐकत होतो. सोपं नसतं ते. खिशात मुठी दुखत होत्या. पण तिने स्वतःहून माझ्या शर्टाचं टोक धरलं होतं आणि मला एका फलकावरून दुसऱ्याकडे नेत होती.

मग सूचनांच्या फळ्याकडे नेलं. एकच कागद होता, नवा, मालकांच्या अक्षरात. मी अजून बघितला नव्हता. गिट्टीने बोट ठेवलं. पां-ढ-ऱ्या. पांढऱ्या. गाडीचे. सर. थांबली, मला विचारलं, पांढरी गाडी आपली ना? मी म्हटलं हो. सोमवारपासून. ऑफिसात. बसतील.

माझे डोळे तिच्या बोटाच्या पुढे पळाले होते. खालची ओळ मी वाचून संपवली होती. गिट्टी तिथे पोचत होती.

त्यांच्या. वि-द्या. तिथे अडली. लांबलचक शब्द. मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतके दिवस मी अशा वेळी सांगायचो. आज सांगितलं नाही. सांगितलं नाही ते निश्चय म्हणून नाही, तोंडातून निघालंच नाही. तिने परत खाली बघितलं. वि-द्या-र्थ्यां-नी. विद्यार्थ्यांनी. लाल. गाडीवर. यावे.

गिट्टी म्हणाली, बाबा, मी बरोबर वाचलं का?

मी म्हटलं, बरोबर वाचलंस. सगळं बरोबर.

तिला माझ्या चेहऱ्यावरून ते खरं वाटलं नसावं. कारण तिने बोट परत पहिल्या शब्दावर नेलं आणि सगळं पुन्हा वाचून दाखवलं, मोठ्याने, आणि या वेळी कुठेही अडखळली नाही.